मारू का, या प्रश्नाला लेखी उत्तर हवे

भुईमुगाला शेंग धरली, मक्याला कणीस आले की गावोगाव एक प्रश्न सुरू होतो. रात्री रानडुकरांचा कळप शेतात शिरतो, सकाळी अर्धा एकर उकरलेला दिसतो, आणि शेतकरी भेटेल त्याला विचारत सुटतो: डुक्कर मारले तर चालते का? पारावर चार उत्तरे मिळतात. एक सांगतो, सरकारने परवानगी दिली आहे, टीव्हीवर आले होते. दुसरा सांगतो, सात वर्षे आत जाशील. तिसऱ्याचे मत, स्वतःच्या शेतात मारले तर कोण विचारतो. चौथा सांगतो, मार आणि कुणाला बोलू नकोस. चौघांपैकी एकाचेही उत्तर पुरते बरोबर नाही. बरोबर उत्तर ज्या वनखात्याला ठाऊक आहे, ते खाते ते कागदावर उतरवून देत नाही.

शिकारीच्या कायद्याबद्दल नागरिकाने सरळ प्रश्न विचारला तर सरकारने ठरलेल्या मुदतीत, सही-तारखेसह लेखी उत्तर दिले पाहिजे. त्या उत्तरावर विसंबून जो वागला त्याला त्याच सरकारने पुढे आरोपी करता कामा नये. शेतकऱ्यांचे अर्ज लिहून देताना वर्षानुवर्षे जे पाहिले, त्यातून माझे हे मत पक्के झाले आहे.

कायदा काय सांगतो ते आधी पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतल्या, वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी घातली आहे. पूर्वी शिकारीचे परवाने मिळत, १९९१ च्या दुरुस्तीने ते देणारी तरतूदच काढून टाकली. त्यामुळे आज हौशी शिकारीचा परवाना म्हणून काही उरलेले नाही. कलम ११ मध्ये जे आहे ते वेगळे आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, किंवा बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असला, तरच त्याला मारण्याचा आदेश निघू शकतो, आणि तो फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक काढू शकतात. हा अधिकार त्यांना खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत मात्र मालमत्तेचे नुकसान हेही कारण चालते, आणि मालमत्तेत उभे पीक येते असे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. हा दुसरा अधिकार खाली सोपवता येतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापुरते परवानगीचे काम वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या, म्हणजे रेंजरच्या पातळीवर आणले ते याच तरतुदीखाली. आदेश लेखी हवा, त्यात कारणे हवीत, आणि तो ठरावीक क्षेत्रापुरता असतो.

म्हणजे रानडुक्कर मारता येते, पण आधी लेखी आदेश घेऊन. आदेश नसेल तर शेत तुमचे असले तरी तो गुन्हाच. अभयारण्याबाहेर रानडुक्कर मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सात वर्षांची तरतूद पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी आणि अभयारण्य वा राष्ट्रीय उद्यानातल्या शिकारीसाठी आहे, आणि तिथे किमान शिक्षाच तीन वर्षांची आहे. अंगावर आलेल्या जनावराला स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी, सद्भावनेने मारले तर तो गुन्हा होत नाही, मात्र तसे करताना तुम्ही स्वतः कायदा मोडत नसला पाहिजेत.

इथपर्यंत कुणीही शिकलेला माणूस समजावून सांगू शकेल. खरी अडचण पुढच्या प्रश्नांना येते, आणि शेतकऱ्याला पडतात ते नेमके पुढचेच प्रश्न.

शिकार या शब्दाची कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे. मारणे तर त्यात आहेच, शिवाय विष घालणे, पकडणे, फासा लावणे, सापळा लावणे, आमिष ठेवणे, हाकणे आणि या सगळ्यांचा प्रयत्न करणेही आहे. म्हणजे बांधावर फासा लावला आणि त्यात काहीच अडकले नाही, तरी शिकारीचा गुन्हा पुरा होतो. हे किती शेतकऱ्यांना माहीत असेल? मग जागलीला गेलेला माणूस डबे वाजवून कळप हाकलतो त्याचे काय? तो अर्थातच गुन्हेगार नाही असे आपण म्हणू, मीही म्हणतो. पण कायद्याच्या मजकुरात हाकणे आहे, आणि कुठले हाकणे अभिप्रेत आहे याचे अधिकृत स्पष्टीकरण शेतकऱ्याच्या हाती नाही. रेंजरने परवानगी दिली, पण मारायचे कुणी? शेतकऱ्याकडे बंदूक नसेल तर शेजारच्या गावचा परवानाधारक आणता येतो का? आदेश एका गट क्रमांकाच्या शेतापुरता असेल आणि जखमी डुक्कर नाला ओलांडून राखीव जंगलात शिरले तर मागे जायचे की नाही? आणि मेलेल्या डुकराचे काय करायचे? या शेवटच्या प्रश्नावरून गावात सर्वात जास्त गैरसमज आहेत. कलम ३९ प्रमाणे कलम ११ खाली रीतसर परवानगीने मारलेला प्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता ठरतो, आणि तो ज्याच्या ताब्यात आला त्याने ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवायचे असते. परवानगी मिळाली म्हणजे मटणही आपले, असे समजून वाटे घालणारा माणूस कायदेशीर कामातून बेकायदेशीर कामात जातो आणि त्याला ते कळतही नाही.

आता त्याच शेतात दुसरे जनावर आणू. सोलापूर, बीड, वाशीम, अकोल्याकडच्या शेतकऱ्याच्या तुरीत रानडुक्कर येते, रोही येतो, काळवीटही येतात, आणि पेरणीनंतर मोर दाणे उकरतात. नुकसान सगळ्यांनी केलेले असते. डुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत, काळवीट आणि मोर पहिल्या. म्हणून काळविटाने अख्खे शेत खाल्ले तरी पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारण्याची परवानगी कायद्यात कुठेच नाही, मागूनही मिळणार नाही. तिथे मार्ग आहे तो भरपाईचा, कुंपणाचा. हा फरक मला योग्य वाटतो. काळवीट वाचलेच पाहिजे. पण हा फरक अर्ज करण्याआधी शेतकऱ्याला सांगणे हे कुणाचे तरी काम असले पाहिजे.

कोकणात तर याहून बिकट आहे. लाल तोंडाच्या माकडांच्या दोन जाती आहेत: उत्तरेकडचे ऱ्हीसस आणि दक्षिणेकडचे, लांब शेपटीचे बॉनेट. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यात ऱ्हीसस अनुसूचीतून बाहेर गेले आणि बॉनेट पहिल्या अनुसूचीत चढले. एकाला शिकारबंदीचे संरक्षण उरले नाही, दुसऱ्याला वाघाच्या रांगेत बसवले. नारळ-केळी नासवणाऱ्या माकडाकडे पाहून बागायतदार दोन्हींना माकडच म्हणतो. जुन्या कायद्याप्रमाणे कुणी काही सांगितले असेल तर ते आज चुकीचे आहे. हा बदल झाल्यावर किती ग्रामपंचायतींच्या फलकावर एक ओळ लागली?

टीव्हीवर आले होते, असे सांगणारा माणूसही खोटे बोलत नसतो. त्याने खरेच काहीतरी पाहिलेले असते, फक्त ते दुसऱ्या राज्याचे असते. कलम ६२ खाली केंद्र सरकार ठरावीक क्षेत्रापुरते आणि ठरावीक काळापुरते एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवू शकते. मग तेवढ्या काळात तिथे परवानगीविना त्याला मारता येते. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारसाठी नीलगाय आणि रानडुक्कर, फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडसाठी रानडुक्कर, आणि त्यानंतर शिमला शहरापुरती माकडे अशा अधिसूचना निघाल्या. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या आणि केंद्रातले दोन मंत्री त्यावरून जाहीरपणे एकमेकांविरुद्ध बोलले. ती दृश्ये महिनाभर दिसत होती. केरळने २०२२ मध्ये वेगळा रस्ता धरला आणि उपद्रवी रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिला. महाराष्ट्रातला शेतकरी मोबाइलवर या सगळ्या बातम्या एकामागून एक पाहतो. त्यातली कुठली त्याच्या शिवाराला लागू आहे हे बातमी सांगत नाही, आणि ज्याने सांगायचे ते कार्यालयही सांगत नाही.

विचारायचे कुणाला? बीटचा गार्ड भेटतो, तो राउंड ऑफिसरकडे पाठवतो, राउंड ऑफिसर रेंजकडे. रेंजर साहेब दौऱ्यावर असतात. भेटले तर म्हणतात, अर्ज ठेवून जा. अर्जाची पोच मागितली तर टेबलावरचा बाबू कपाळाला आठ्या घालतो. दहा वेळा हेलपाटे घातल्यावर तोंडी उत्तर मिळते: बघा, तुमच्या जबाबदारीवर. लिहून द्या म्हटले की संभाषण तिथेच संपते. पोलीस ठाण्यात विचारावे तर ते वनखात्याकडे बोट दाखवतात. वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे आणि तिचा उपयोग आहे, जखमी प्राणी किंवा शिकारीची खबर देण्यासाठी तर ती मोलाची आहे. पण फोनवर मिळालेले उत्तर उद्या न्यायालयात कुणापुढे ठेवणार?

बंदुकीची गोष्ट स्वतंत्रच आहे. कोकणात पीक संरक्षणासाठी दिलेले बंदुकीचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या घरात आहेत, कुठे ठासणीची बंदूक, कुठे काडतुसाची. तो परवाना शस्त्र अधिनियमाखाली जिल्हा प्रशासन देते. त्यावर पीक संरक्षण असे लिहिलेले असते, म्हणून अनेकांना प्रामाणिकपणे वाटते की पिकात आलेले जनावर मारायची मुभा त्यातच आली. ती आलेली नाही. बंदूक बाळगण्याची परवानगी एका कायद्याखाली, जनावर मारण्याची दुसऱ्या. आणि निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. तिची आचारसंहिता भातकापणीच्या हंगामावरच आली होती. रेंजरचा आदेश हातात असला आणि बंदूक ठाण्यात अडकली तर त्या आदेशाचे काय करायचे, याचे उत्तर दोन खात्यांनी मिळून द्यावे लागेल. आज कुठलेही एक खाते ते देत नाही.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते: कायदा राजपत्रात छापलेला आहे, शासन निर्णय संकेतस्थळावर आहेत, वाचा की. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बिनचूक आहे, म्हणून त्याकडे नीट पाहिले पाहिजे. गुप्त ठेवलेल्या कायद्याखाली शिक्षा करता येत नाही, तो लोकांपर्यंत पोचवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये जयपूर संस्थानातल्या अफूच्या एका जुन्या कायद्याच्या प्रकरणात सांगितले. पण पोचवणे म्हणजे किती? १९६२ च्या नोव्हेंबरात झुरिकहून मनिलाला निघालेला एक परदेशी प्रवासी मुंबई विमानतळावर चौतीस किलो सोन्यासह पकडला गेला. विमानातून नेले जाणारे सोने कागदपत्रांत जाहीर केलेच पाहिजे अशी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना त्याच्या आगमनाच्या जेमतेम चार दिवस आधी भारताच्या राजपत्रात छापून आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले, सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने दोषी धरले. राजपत्रात आले, तेवढे पुरे. भारतीय दंड संहितेतही १८६० पासून हेच सूत्र होते आणि आताच्या न्याय संहितेत ते तसेच आले आहे: वस्तुस्थितीबद्दल चूक झाली तर माफी मिळू शकते, कायद्याबद्दल झाली तर नाही.

हे सूत्र बदला असे मी म्हणत नाही. कायदा माहीत नव्हता ही सबब चालू लागली तर कुठलाच कायदा टिकणार नाही. पण सूत्र इतके कडक असेल तर त्याची दुसरी बाजूही तितकीच पक्की हवी. तुला माहीत असलेच पाहिजे असे राज्य ज्याला बजावते, त्याने सांगा म्हटल्यावर राज्याला गप्प बसता येऊ नये. आज सूत्राची पहिली बाजू शिक्षेच्या धाकाने लागू होते आणि दुसरी कुठे लिहिलेलीच नाही.

मग माहितीचा अधिकार आहे ना? आहे, आणि मी तो वापरायला सांगतोच. दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज करता येतो, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा लागतो. पण त्याला एक मर्यादा आहे जी बहुतेकांना उशिरा कळते. हा कायदा कार्यालयाकडे असलेली माहिती देतो, सल्ला देत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सांगितले की ‘असे का केले?’ या प्रश्नाचे उत्तर माहितीच्या व्याख्येत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये, उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात, आणखी स्पष्ट केले की अर्जदाराला सल्ला किंवा मत देण्याचे, नवी माहिती तयार करण्याचे, निष्कर्ष काढून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही. म्हणून ‘मी माझ्या गटात रानडुक्कर मारू शकतो का?’ असा अर्ज केला की माहिती अधिकारी एका ओळीत परत पाठवतो: आपला प्रश्न माहितीच्या व्याख्येत येत नाही. आणि कायद्याने तो बरोबर असतो.

त्यामुळे अर्ज करायचाच तर कागद मागावेत. कलम ११ खालचे अधिकार आपल्या वनपरिक्षेत्रात कुणाला सोपवले आहेत त्या आदेशाची प्रत. परवानगीसाठीच्या अर्जाचा नमुना. मागच्या वर्षी प्राणी मारण्याच्या परवानगीसाठी किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर, आणि नामंजूर केलेल्यांच्या आदेशांच्या प्रती. बाधित माणसाला निर्णयाची कारणे देणे हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नेच कार्यालयावर टाकलेले कर्तव्य आहे, त्याचा उल्लेख अर्जात जरूर करावा. यातून पुष्कळ कळते. शेजारच्या गावात कुठल्या कारणाने परवानगी मिळाली, कुठल्या कारणाने नाकारली, हे कळले की आपला अर्ज नीट लिहिता येतो. पण हा सगळा द्राविडी प्राणायाम आहे. तीस दिवसांत भुईमूग उरत नाही.

आणि कायदेशीर शंकेला सरकारने लेखी, बंधनकारक उत्तर द्यायचे, ही कल्पना आपल्या देशात नवी मुळीच नाही. करांच्या बाबतीत ती तीस वर्षांहून जुनी आहे. प्राप्तिकरासाठी १९९३ पासून अग्रिम निर्णयाची सोय झाली. जीएसटी आला तेव्हा २०१७ च्या कायद्यात तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरणच घातले. व्यापारी व्यवहार करण्याआधीच विचारू शकतो की यावर किती कर लागेल. प्राधिकरणाने नव्वद दिवसांत लेखी निर्णय द्यायचा, आणि वस्तुस्थिती वा कायदा बदलत नाही तोवर तो त्या अर्जदारावर आणि त्याच्या कर अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो. २०२० मध्ये कर्नाटकातल्या अशा प्राधिकरणापुढे प्रश्न आला की पाकीटबंद पराठा हा पोळीच्या सदरात बसतो का. बसत नाही, त्यावर १८ टक्के कर, असा कारणांसह निर्णय दिला गेला. तो पटो न पटो, विचारणाऱ्याला उत्तर मिळाले आणि पुढे काय करायचे ते त्याला ठरवता आले. कराच्या प्रश्नात चूक झाली तर व्याज आणि दंड भरावा लागतो. शिकारीच्या प्रश्नात चूक झाली तर माणूस तुरुंगात जातो. जिथे धोका मोठा तिथे विचारण्याची सोय नाही, ही मांडणी उलटी आहे, आणि ती उलटी राहिली याचे कारण मला एवढेच दिसते की व्यापाऱ्याच्या प्रश्नाला वकील असतो आणि जागलीवरच्या माणसाच्या प्रश्नाला नसतो.

वनखात्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी ऐकले आहे आणि त्यातले काही खरे आहे. रेंजर म्हणतो, मी लिहून दिले आणि उद्या न्यायालयाने वेगळे म्हटले तर चौकशी माझी होते. तोंडी बोललो तर निदान माझी सही कुठे नसते. ही भीती खोटी नाही. यवतमाळच्या पांढरकवडा भागातल्या टी-१ वाघिणीचे प्रकरण सर्वांनी पाहिले. तिला पकडण्याचा, न जमल्यास मारण्याचा लेखी आदेश उच्च न्यायालयात गेला, सर्वोच्च न्यायालयात गेला, सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेल्यावरही वाद थांबला नाही. पण त्या वादात लोकांना बोट ठेवता आले ते आदेश लेखी होता म्हणूनच. आदेशात काय म्हटले होते, प्रत्यक्षात काय घडले, कुठे अंतर पडले, हे तपासता आले. रानडुकराच्या बाबतीत तपासायला कागदच नसतो. रेंजरला संरक्षण हवे हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच कायद्याचा अर्थ लावण्याचे ओझे एकट्या रेंजरवर टाकू नये. ते काम वरच्या कार्यालयाने, विधी अधिकारी सोबत घेऊन करावे.

दुसरा आक्षेप प्राणीप्रेमींचा. मारता येते असे लिहून देऊ लागलात तर सगळे मारतच सुटतील. माझ्या अनुभवात होते ते उलट. उत्तर मिळत नाही म्हणून शेतकरी थांबत नाही, तो गुपचूप उपाय करतो. कृषिपंपाच्या लाइनवर आकडा टाकून बांधाभोवती उघडी तार ओढतो. त्या तारेला रानडुक्कर चिकटते, तसा कधी वाघ चिकटतो, कधी शेजारचा म्हातारा, कधी स्वतः शेतकरी. विदर्भात वाघ वीजप्रवाहाने मेल्याच्या आणि अशा तारेवर माणसे गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कुणी कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतो आणि गाईचा जबडा फुटतो. कुणी विष घालतो, मग कोल्हे, घारी, गिधाडे मरतात. हे उपाय अंधारात होतात, त्यांना क्षेत्र नसते, मुदत नसते, कुठले जनावर याची निवड नसते. रीतसर आदेशात या तिन्ही गोष्टी असतात. शिवाय मागितलेल्या उत्तरांपैकी कितीतरी उत्तरे ‘नाही’ अशीच असतील. काळवीट मारता येणार नाही, फासा लावता येणार नाही, तार टाकता येणार नाही, त्याऐवजी सौर कुंपणाचे अनुदान असे मिळते, भरपाईचा अर्ज असा करा. लेखी ‘नाही’ हेसुद्धा जंगलाचे संरक्षणच आहे.

एक गोष्ट मात्र सोयीच्या बाहेरची आहे आणि ती मला सर्वात जास्त बोचते. प्रश्न विचारणे सर्वांना सारखे सोपे नाही. पाटलाच्या वाड्यातल्या माणसाने रेंजमध्ये जाऊन डुक्कर मारायचे नियम विचारले तर त्याला खुर्ची मिळते. फासेपारधी कुटुंबातल्या तरुणाने तोच प्रश्न विचारला तर साहेब आधी त्याचे नाव, वस्ती आणि मागच्या आठवड्यात तो कुठे होता ते विचारतात. ज्या समाजाला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याच्या आधारे जन्मतः गुन्हेगार ठरवले, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, पण ठाण्यांच्या आणि कार्यालयांच्या मनातून पुसला नाही, त्या समाजातली आज शेती करणारी माणसेही नियम विचारायला घाबरतात. तित्तर धरणे बंद आहे हे त्यांना शिक्षेमुळे कळले, माहितीमुळे नाही. प्रश्न विचारणे हाच संशयाचा पुरावा ठरत असेल तर कोण विचारेल? म्हणून उत्तर मागण्याचा मार्ग असा हवा की त्यात विचारणाऱ्याची जात-वस्ती पाहण्याचे कारणच पडू नये, आणि केवळ प्रश्न विचारला म्हणून कुणावर नोंद, चौकशी किंवा झडती होणार नाही असे नियमातच लिहिलेले असावे.

हे घडवायला काय लागेल? महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. त्यात खात्याने सेवा अधिसूचित करायची, मुदत ठरवायची, जबाबदार अधिकारी नेमायचा, टाळाटाळ झाली तर अपील आणि पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड. वनखात्याने ‘वन्यजीव कायद्याविषयी लेखी खुलासा’ ही एक सेवा त्यात घालावी. उभ्या पिकाचा प्रश्न असेल तर सात दिवस, बाकी सर्व प्रश्नांना तीस दिवस. उत्तर मुख्य वनसंरक्षकाच्या कार्यालयातून, मराठीत, कलमाच्या उल्लेखासह, आणि ते कुठल्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे ते लिहून. दिलेली सगळी उत्तरे विचारणाऱ्याचे नाव काढून एकत्र प्रसिद्ध करावीत, म्हणजे तोच प्रश्न शंभर जणांना शंभर वेळा विचारावा लागणार नाही आणि एका रेंजमध्ये एक, शेजारच्या रेंजमध्ये दुसरे, असेही होणार नाही.

बंधनकारकतेचे काय, हा वकिली प्रश्न राहतो. वन्यजीव कायदा केंद्राचा आहे, राज्याचा शासन निर्णय त्यातला गुन्हा माफ करू शकत नाही. पण कलम ५५ प्रमाणे न्यायालय या गुन्ह्याची दखल घेते ती मुख्यतः खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याने तक्रार दाखल केल्यावर. खात्याच्या लेखी उत्तराप्रमाणे, वस्तुस्थिती न लपवता जो वागला त्याच्याविरुद्ध खाते तक्रार दाखल करणार नाही, एवढा आदेश राज्य आजही काढू शकते. साठ दिवसांची नोटीस देऊन खासगी माणूस तक्रार करू शकतो, ती वाट त्याने बंद होत नाही. तेवढ्यासाठी केंद्राला, जीएसटीत केली तशी, कायद्यातच तरतूद करावी लागेल आणि ती मागणी महाराष्ट्राच्या खासदारांनी लावून धरावी. तोवर राज्याच्या आदेशाने शेतकऱ्याची नव्वद टक्के भीती जाईल असे मला वाटते.

आणि यातले काहीच व्हायच्या आधी एक काम प्रत्येक रेंज ऑफिस येत्या खरिपाच्या सोंगणीपूर्वी करू शकते, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. दरवाजाबाहेर एक फलक: या परिक्षेत्रात पिकाचे नुकसान करणाऱ्या कोणकोणत्या प्राण्यांसाठी परवानगी मागता येते, कोणत्यांसाठी येत नाही, अर्ज कुणाच्या नावे, सोबत कुठले कागद, मारलेल्या प्राण्याची खबर किती तासांत कुणाला द्यायची, आणि अर्जाची पोच न मिळाल्यास कुणाला भेटायचे. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पोलीस ठाण्यात आणि एक तलाठ्याकडे.